शब्द सगळे येतात, पण वाक्य कळत नाही : इंग्रजीच्या मधल्या पायरीवर अडलेली मुलं



आजचा लेख पहिली-दुसरीच्या मुलांसाठी नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, स्पेलिंग पाठ आहेत, काळांची नावं तोंडपाठ आहेत आणि तरीही ज्यांची गाडी एका जागी रुतून बसली आहे, अशा मुलांसाठी आहे. खरं सांगायचं तर आपल्यासारख्या शिक्षकांसाठीसुद्धा आहे, कारण डीएड झाल्यावर कितीतरी वर्षं मी स्वतः त्याच जागी रुतलेली होते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी कासुर्डीत घरी आली. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, चांगले मार्क, म्हणून अकरावीला सायन्स घेतलं. रोज यवतला जाऊन डेमू पकडायची आणि कॉलेजला जायची. सोबत तिचे वडील होते. चहा घेता घेता ते म्हणाले, "मॅडम, हिला सायन्स झेपंना. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा पडले. पुढच्या वर्षी आर्ट्सला टाकावं म्हणतो. तुम्ही सांगा." मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी तिला फिजिक्सचं पुस्तक आणायला सांगितलं. एक वाक्य वाचायला दिलं : "द बॉडी रिमेन्स ॲट रेस्ट अनलेस अ फोर्स ॲक्ट्स ऑन इट." खडाखडा वाचलं. म्हटलं, अर्थ सांग. म्हणाली, "वस्तू स्थिर राहते... जर तिच्यावर कमी बल लावलं तर."

'अनलेस'मधल्या 'लेस'चा अर्थ तिने 'कमी' असा लावला होता! बॉडी, रेस्ट, फोर्स, ॲक्ट हे बाकी सगळे शब्द तिला येत होते. आणि न्यूटनचा हा नियम तिला मराठीत उत्तम येत होता, नववीच्या 'गतीचे नियम' या पाठात तिने तो शिकलेला होता. म्हणजे विज्ञान कच्चं नव्हतं आणि इंग्रजी शब्दही कच्चे नव्हते. एका सहा अक्षरी जोडशब्दाने सगळं वाक्य उलटं केलं होतं. आणि त्यावरून तिची शाखा बदलायला निघाले होते.

मला वाटतं, ही गोष्ट आपल्या भागातल्या अनेक घरांत घडते, फक्त नेमकं काय अडलं आहे ते कुणी तपासत नाही. "इंग्रजी कच्चं आहे" एवढंच म्हणतो आणि सोडून देतो.

(या लेखात इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत लिहिली आहेत. ज्या पालकांना इंग्रजी वाचण्याचा सराव नाही त्यांनाही ती मोठ्याने वाचून मुलांना विचारता यावीत, म्हणून.)

ही मधली पायरी म्हणजे काय?

युरोपच्या कौन्सिलने 2001 साली परकी भाषा शिकण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : ए1, ए2, बी1, बी2, सी1 आणि सी2. आज जगभरची बरीच पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा त्याच पायऱ्या धरतात. त्यातली चौथी, बी2, म्हणजे आपल्या विषयातला जरा गुंतागुंतीचा मजकूर वाचून मुख्य मुद्दा कळणं आणि फारसं न अडखळता बोलता येणं. अकरावी सायन्सचं पुस्तक नेमकी हीच पायरी मागतं. आपली मुलं दहावीला त्याच्या एक-दीड पायरी खाली उभी असतात, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, मोजमाप नाही.

आम्ही एबीसीडी पाचवीत शिकलो. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे आताच्या मुलांना शब्द भरपूर येतात, हे मान्यच करायला हवं. आमच्या वेळी पाचवीतल्या मुलाला 'टोमॅटो'चं स्पेलिंग यायचं नाही. पण आपण तपासतो कसं? शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. त्या तयारीने मुलाला बरोबर उत्तर ओळखता येतं. स्वतःचं वाक्य बांधता येतंच असं नाही. शिष्यवृत्तीला माझा विरोध नाही, मी दरवर्षी मुलं बसवते. पण पालकांनी गुणपत्रिका बघून "इंग्रजी पक्कं झालं" असं समजू नये.

नवे शब्द नकोत, जुने शब्द फोडा

मधल्या पायरीवर आल्यावर आपण काय करतो? मुलाला जाडजूड शब्दकोश आणून देतो आणि रोज दहा अवघड शब्द पाठ करायला लावतो. मीही लावायचे. त्याने फार काही होत नाही. कारण अडतं ते अवघड शब्दापाशी नाही, सोप्या शब्दापाशी अडतं.

आपलं 'लागणे' हे क्रियापद घ्या. एकदा सातवीच्या मुलांना मी सांगितलं, घरात, रानात, गुऱ्हाळावर जिथे जिथे 'लागणे' ऐकाल ते वाक्य लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळा भरला. मला तहान लागली. यवतला जायला वीस मिनिटं लागतात. मोटर चालू करायला लाईट लागते. पाऊस पडायला लागला. दादा नोकरीला लागला. पायाला लागलं. उसाला आग लागली. हा गूळ खारट लागतो. विहिरीला पाणी लागलं. मला घरी जावं लागलं. ती माझी मावशी लागते. कॉलेजला नंबर लागला. आणि मागच्या बाकावरून एकाने हळूच : आमची वाट लागली.

मग मी म्हटलं, आता यातलं एकेक इंग्रजीत सांगा. पहिलं सगळ्यांना आलं : "आय ॲम थर्स्टी." इथे 'लागणे' कुठे गेलं? गायबच झालं! दुसरं : "इट टेक्स ट्वेंटी मिनिट्स." इथे ते 'टेक' झालं. लाईट लागते, म्हणजे 'नीड'. पाऊस पडायला लागला, 'स्टार्टेड'. नोकरीला लागला, 'गॉट अ जॉब'. पायाला लागलं, 'हर्ट'. उसाला आग लागली, 'द शुगरकेन कॉट फायर', म्हणजे उसाने आग 'पकडली'. यावर मुलं खूप हसली. गूळ खारट लागतो, 'टेस्ट्स सॉल्टी'. विहिरीला पाणी लागलं याला 'वी स्ट्रक वॉटर' म्हणतात, हे मीही त्याच वेळी शोधून काढलं. जावं लागलं, 'हॅड टू गो'. मावशी लागते, तिथे नुसतं 'इज'.

एका मराठी शब्दाचे इंग्रजीत दहा झाले, आणि त्या दहातला एकही शब्द अवघड नाही. टेक, नीड, गेट, कॅच, हर्ट, स्ट्राइक ही पाचवीतली क्रियापदं. पण मुलाने 'टेक म्हणजे घेणे' एवढंच पाठ केलेलं असतं. त्यामुळे "इट टेक्स टाइम" वाचलं की 'ते वेळ घेतं' असं काहीतरी तो मनात जुळवतो आणि पुढे जातो. बोलायची वेळ आली की ते त्याला आठवतच नाही.

ज्यांना हौस आहे त्यांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघावा. 1831 ची पहिली आवृत्ती, 1857 ची दुसरी. तो आता इंटरनेटवर फुकट शोधता येतो. त्यात 'लागणें' काढा. अर्थांची रांग बघून आपल्याच भाषेचं नवल वाटतं. मला तर वाटतं, मुलाला इंग्रजी-मराठी कोश द्यायच्या आधी हा मराठी-इंग्रजी कोश दाखवावा. आपण रोज किती अर्थ सहज वापरतो ते त्याला कळतं आणि मग इंग्रजीने एवढे शब्द का केले याचा राग येत नाही.

असंच 'करणे'चं. अभ्यास करणे, चूक करणे, फोन करणे, आंघोळ करणे, लग्न करणे, प्रयत्न करणे. इंग्रजीत होमवर्क 'डू', मिस्टेक 'मेक', फोन 'मेक अ कॉल', आंघोळ 'टेक अ बाथ' किंवा 'हॅव अ बाथ', आणि लग्न नुसतं 'मॅरी'. तिथे करणे नाहीच. 'डू' कधी आणि 'मेक' कधी याचा नियम सांगतात : काम असेल तर 'डू', काहीतरी नवं तयार होत असेल तर 'मेक'. नियम बरा आहे, पण सगळीकडे चालत नाही. जोडी म्हणूनच शब्द पाठ झाला पाहिजे. 'मिस्टेक' एकटा लिहायचाच नाही, 'मेक अ मिस्टेक' असाच वहीत लिहायचा.

इथे माझी एक कबुली. 'परीक्षा देणे'वरून मी वर्गात दहा वर्षं 'गिव्ह ॲन एक्झाम' शिकवलं. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. एका प्रशिक्षणात माझ्याच तोंडून ते वाक्य गेलं आणि शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं. कानशिलं गरम झाली. आता मी मुलांना दोन्ही सांगते : आपल्या देशात 'गिव्ह एक्झाम' सर्रास बोलतात आणि ऐकणाऱ्याला कळतं, त्यामुळे बोलताना लाजू नका. पण लिहिताना 'टेक' लिहा. इंग्रजी चुकलं म्हणून मुलाला हसणं ही सगळ्यात मोठी चूक आहे, एवढं मात्र पक्कं.

'तर'ची गंमत

व्याकरणात सगळ्यात जास्त वेळ कुठे द्यावा असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, 'तर'वर द्या. काळांच्या बारा चौकटींपेक्षा इथे जास्त मिळतं.

आपण म्हणतो, "पाऊस पडला तर कांदा लावू." पाऊस अजून पडलेला नाही. उद्या-परवाची गोष्ट. तरी आपण 'पडला' म्हणतो, भूतकाळासारखं रूप. मूल ते उचलतं आणि लिहितं, "इफ इट रेन्ड, वी विल प्लांट ओनियन्स." बाई लाल रेघ मारतात. मुलाला कळत नाही, कारण त्याच्या कानाला 'पडला'च बरोबर आहे.

मुलाला हे सांगायला हवं की मराठीतलं ते 'ला' तिथे काळ दाखवत नाही, काम पूर्ण होणं दाखवतं. पाऊस पडण्याचं पूर्ण झालं की मग कांदा. आई हाक मारते तेव्हा आपण जागचं न हलता "आलेच!" म्हणतो, तसंच हे. आलेलो कुठे असतो! इंग्रजीत मात्र 'इफ'नंतर खरोखर होण्यासारखी पुढची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ : "इफ इट रेन्स, वी विल प्लांट ओनियन्स." तिथे 'रेन्ड' केलं की इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, याला पाऊस पडायची आशाच दिसत नाही. इंग्रजीत इथे भूतकाळाचं रूप 'लांबचं' दाखवतं, शक्यतेपासून लांबचं.

आता दुसरं वाक्य. "पाऊस पडला असता तर कांदा लावला असता." पाऊस पडला नाही, कांदा लावला नाही, हंगाम गेला. इंग्रजीत : "इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव प्लांटेड ओनियन्स." आपल्याकडची बहुतेक पुस्तकं हा प्रकार सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड म्हणून शिकवतात. माझा अनुभव उलटा आहे. मराठी मुलाला हाच सगळ्यात लवकर येतो, कारण आपल्याकडे 'असता' आहे. 'असता... असता' दोन्हीकडे, तसं 'हॅड... वुड हॅव' दोन्हीकडे. मुलांना आधी मराठीत बोलू द्या. "बस चुकली नसती तर पेपर बुडाला नसता." "मोटर जळली नसती तर ऊस वाळला नसता." शेतकऱ्याच्या घरातलं मूल अशी वाक्यं रोज ऐकतं, त्याला ती शिकवावी लागत नाहीत.

खरी अडचण या दोहोंच्या मधे आहे. "माझ्याकडे दहा एकर असते तर मी डाळिंब लावलं असतं." हे कधीचं? आजचं की मागचं? मराठीत दोन्ही होऊ शकतं, आपण बोलण्याच्या ओघात समजून घेतो. इंग्रजी मात्र तिथे थांबवून विचारतं. आजचं असेल तर "इफ आय हॅड टेन एकर्स, आय वुड प्लांट पोमिग्रॅनेट्स." मागच्या वर्षीचं असेल तर "इफ आय हॅड हॅड टेन एकर्स, आय वुड हॅव प्लांटेड..." दोनदा 'हॅड' बघून मुलं दचकतात. म्हणून मी व्याकरणातली नावं न सांगता एकच प्रश्न विचारायला शिकवते : "कधीची गोष्ट?" तो प्रश्न मराठीत विचारायचा, उत्तर मराठीत द्यायचं, मग इंग्रजी लिहायचं. पालकांनाही हा प्रश्न विचारता येतो, त्याला इंग्रजी यावं लागत नाही.

अनलेस आणि अनटिल : लपलेला 'नाही'

आता त्या मुलीच्या वाक्याकडे. तिला मी इंग्रजी सोडून आधी मराठीच विचारलं. म्हटलं, "अगं, पप्पा पेरणीचं काय म्हणतात?" म्हणाली, "पाऊस पडल्याशिवाय पेरणार नाही." बस्स! 'शिवाय' म्हणजे 'अनलेस'. "वी विल नॉट सो अनलेस इट रेन्स." बल लावल्याशिवाय वस्तू हलत नाही. ती एकदम म्हणाली, "म्हणजे हा पहिला नियम आहे?" तोच होता. तीन महिने ती तो वेगळाच काहीतरी नियम समजत होती.

पण इथे आणखी एक खड्डा आहे आणि त्यात आपण मोठी माणसंसुद्धा पडतो. हेच आपण दुसऱ्या तऱ्हेने म्हणतो : "जोपर्यंत पाऊस पडत नाही, तोपर्यंत पेरणार नाही." यात 'नाही' दोनदा आला. मूल लिहितं, "अनटिल इट डझ नॉट रेन, वी विल नॉट सो." चूक! 'अनलेस' आणि 'अनटिल' यांच्या पोटातच तो 'नाही' लपलेला आहे. बाहेर पुन्हा लिहायचा नाही. "वी विल नॉट सो अनटिल इट रेन्स." वर्तमानपत्रात, नोटिसांत, अगदी आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवरच्या इंग्रजी मेसेजमध्येही ही चूक मी कितीदा पाहिली आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या रजेच्या अर्जातही सापडली.

त्या मुलीच्या पुस्तकातून आम्ही असे छोटे शब्द शोधून काढले : अनलेस, अनटिल, देअरफोर, व्हेअरॲज, ऑलदो, हेन्स, प्रोव्हायडेड, रादर दॅन. वैज्ञानिक शब्द तिने स्वतःच पाठ केले होते, ते पुस्तकाच्या शेवटी यादीतही असतात. पण हे सांधणारे शब्द कुठल्याच यादीत नसतात. आणि सगळं वाक्य याच शब्दांवर फिरतं. 'प्रोव्हायडेड'चा अर्थ ती 'पुरवलं' लावत होती. "द लॉ होल्ड्स, प्रोव्हायडेड द टेंपरेचर इज कॉन्स्टंट" यात कुणी काय पुरवलं ते तिला सापडेना. इथे त्याचा अर्थ 'मात्र अट अशी की' असा आहे हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. 'होल्ड्स'चंही तसंच. नियम काही 'धरत' नाही, तो लागू पडतो. बघा, पुन्हा 'लागू'!

होते, होतो, होती

हे जरा पटकन सांगते. आपण म्हणतो, "मी काल पुण्याला गेले होते." म्हणजे जाऊन आले. मूल लिहितं, "आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे." महाराष्ट्रात ही चूक इतकी सर्रास आहे की ती आता चूक वाटतच नाही. इंग्रजीत नुसतं "आय वेंट टू पुणे यस्टर्डे." 'हॅड गॉन' कधी? मागच्याच काळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली एक आधी झालेली असेल तेव्हा. "मी यवतला पोचले तेव्हा गाडी गेलेली होती", "व्हेन आय रीच्ड यवत, द ट्रेन हॅड लेफ्ट." 'गेली होती'च्या जागी 'गेलेली होती' म्हणून बघा. ते शोभलं तर 'हॅड' लावा, एवढी खूण मुलांना पुरते.

'समजतंय, आठवतंय, दिसतंय' या आपल्या चालू वर्तमानातल्या रूपांवरून "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम रिमेंबरिंग" येतं. तिथे साधं "आय अंडरस्टँड". 'त्याची बहीण' म्हणताना आपण 'ची' बहिणीकडे बघून लावतो, म्हणून मुलं राजूच्या बहिणीला "हर सिस्टर" लिहितात. इंग्रजी मालकाकडे बघतं, म्हणून "हिज सिस्टर". आणि 'द'साठी माझी घरगुती खूण : मराठीत 'तो, ती, ते' लावून वाक्य जमत असेल तर 'द', 'एखादा' लावून जमत असेल तर 'अ'. दहापैकी सात-आठ वेळा बरोबर येतं. बाकीचं वाचून वाचून येतं, त्याला इलाज नाही.

आता वय गेलं का?

पालक हा प्रश्न फार विचारतात. "पहिलीपासून इंग्लिश मीडियमला टाकलं असतं तर बरं झालं असतं का?" (बघा, 'असता'चं वाक्य!) त्यांना मी आपल्याच दौंड तालुक्यातल्या केडगावचं उदाहरण देते. पंडिता रमाबाईंचं काम तिथलं. त्यांचा जन्म 1858 चा. लहानपणी वडिलांकडून, आईकडून शिकल्या त्या संस्कृत. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मुलींच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली ती मराठीत, आणि तिचं इंग्रजी भाषांतर करावं लागलं. तेव्हा त्यांचं वय चोवीस. 1883 ला त्या इंग्लंडला गेल्या. तिथे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवलं आणि स्वतः शिकल्या. 1887 साली अमेरिकेत त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघालं, इंग्रजीत लिहिलेलं. साक्षीपासून पुस्तकापर्यंत पाच वर्षं.

त्या असामान्य होत्या, हे खरंच. प्रत्येक मुलीने पाच वर्षांत पुस्तक लिहावं असं मी म्हणत नाही. पण एका भाषेचं व्याकरण ज्याने नीट घोटलेलं असतं त्याला दुसरीची हाडं लवकर सापडतात, असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं. त्यांच्याकडे संस्कृत होतं. आपल्या मुलांकडे मराठी आहे, पण आपण मराठीचं व्याकरण पाच गुणांपुरतं ठेवलं आहे. इंग्रजी सुधारायचं म्हणून घरातलं मराठी बोलणं कमी करणारे पालक मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. मुलाच्या हातातलं मापच ते काढून घेतात.

आम्ही काय केलं

त्या दिवाळीत ती मुलगी सलग सहा दिवस आली. रोज एक तास. नवीन पुस्तक आणलं नाही, क्लास लावला नाही. तिच्याच फिजिक्सच्या पुस्तकातला एक परिच्छेद घ्यायचा, त्याचं मराठी वहीत लिहायचं, शब्दाला शब्द नाही, पप्पांना समजेल असं. मग पुस्तक बंद. दुसऱ्या दिवशी स्वतःचं मराठी समोर ठेवून त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि मूळ परिच्छेदाशी लावून बघायचं. जिथे फरक पडला तिथे हिरव्या पेनने खूण. ही रीत जुनीच आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अशीच गिरवली. मधल्या काळात भाषांतर पद्धत जुनाट म्हणून आपण टाकून दिली. लहान मुलांना ती नकोच, त्यांना ऐकू द्या, बोलू द्या. पण मधल्या पायरीवर तिच्यासारखं दुसरं हत्यार मला तरी अजून मिळालेलं नाही.

चौथ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. तिच्या हिरव्या खुणा फिजिक्सच्या शब्दांवर जवळजवळ नव्हत्याच. त्या 'द'वर होत्या, 'ऑफ'वर होत्या आणि 'इफ, अनलेस'वर होत्या. तिने स्वतःच मोजल्या आणि म्हणाली, "मॅडम, मग मला फिजिक्स येतंय की!" तिचे वडील तेव्हा दारातच उभे होते, तिला न्यायला आलेले. ते काही बोलले नाहीत.

पुढच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी बारा पडले. बारा काही फार नाहीत. केमिस्ट्री अजून अडते, तिथे वाक्यांपेक्षा गणित अडतं आणि ते माझ्या आवाक्यातलं नाही. आर्ट्सचा विषय घरात सध्या थांबला आहे. कायमचा मिटला का, ते मी विचारलेलं नाही.

घरी करून बघण्यासाठी

खालची वाक्यं मुलाला मराठीत वाचून दाखवा. आधी "कधीची गोष्ट?" आणि "नाही कुठे लपला आहे?" हे दोन प्रश्न विचारा, मगच इंग्रजी करायला सांगा. पालकांना उत्तर तपासता आलं नाही तरी चालेल. मुलाने का तसं लिहिलं ते मराठीत सांगितलं पाहिजे, एवढंच बघा.

रस उकळल्याशिवाय गूळ होत नाही.
लाईट आली तर मी रात्री पाणी देईन.
लाईट आली असती तर मी रात्री पाणी दिलं असतं.
माझ्याकडे सायकल असती तर मी चालत आलो नसतो.
आम्ही पोचलो तेव्हा बाजार उठलेला होता.
जोपर्यंत तू सही करत नाहीस, तोपर्यंत अर्ज पुढे जाणार नाही.
त्याच्या आत्याला नोकरीला लागून दोन वर्षं झाली.

चौथ्या वाक्यात दोन उत्तरं येऊ शकतात, मुलाने विचारलं तर गप्प राहा, त्यालाच शोधू द्या. शेवटचं वाक्य मुद्दाम अवघड ठेवलं आहे. त्यात 'लागणे' आहे, मालक आहे आणि 'दोन वर्षं' आहेत. तिथे 'सिन्स' की 'फॉर' यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये अर्धा तास वाद झाला होता. 'पासून'चं ते सगळं प्रकरण आणि "तो म्हणाला की मी येतो" हे वाक्य, दोन्ही पुढच्या लेखात घेते.